सगळंच ‘वी’, मग मीही का?

ग्लासगोहून एका परिचारिकेचं पत्र आलं आहे. त्या मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या. मिरजेला अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काम करून, नवरा आणि पाच वर्षांच्या मुलीसह दोन वर्षांपूर्वी स्कॉटलंडला गेल्या. उंची चार फूट दहा इंच. वॉर्डात सगळे त्यांना ‘अवर वी (wee) नर्स’ म्हणतात. एका पेशंटच्या मुलाने तर वडिलांना सांगितलं, ‘द वी इंडियन लॅसी’ येऊन बघेल. वार्षिक मूल्यमापनात वरिष्ठांनी त्यांना ‘अ वी जेम’ म्हटलं आणि त्याच सुमाराला शिफ्ट इन्चार्जचं काम त्यांच्या मागून आलेल्या एका मुलीला मिळालं. शब्दकोशात ‘वी’चा अर्थ दिलाय ‘लहान, चिमुकला’. नवरा म्हणतो, मनाला लावून घेऊ नकोस. केरळची एक सहकारी म्हणते, तक्रार कर. लेकही आता घरी ‘अ वी बिट’ पोळी मागते. त्या विचारतात: हा अपमान आहे की माझाच गैरसमज? तक्रार करू का? आणि मीही त्यांच्यासारखं बोलायला लागू का?

ताई,

तुमच्या पत्रात दोन दुखणी एकत्र बांधली गेली आहेत. ‘वी’ ऐकून होणारा त्रास हे एक, आणि इन्चार्जचं काम न मिळाल्याचा त्रास हे दुसरं. दुसरं घडलं म्हणून पहिलं जास्त झोंबतंय, आणि पहिलं रोज कानावर पडतं म्हणून दुसऱ्याचं मूळ त्यातच असणार असं वाटतंय. तसं असेलही. पण तसं गृहीत धरून तक्रार लिहायला बसलात, तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल. समोरचा म्हणेल, “अहो, मी माझ्या बायकोला, कुत्र्याला आणि गाडीलासुद्धा वी म्हणतो.” आणि तो खोटं बोलत नसेल. तेव्हा आधी शब्दाचं बघू, मग ड्यूटीचं.

शब्दकोशाने तुम्हाला अर्थ बरोबर सांगितला, पण अर्धाच. हा ‘वी’ उत्तरेकडचा जुना शब्द, मूळ इंग्रजीतल्या ‘वजन’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला. पूर्वी ‘अ लिटल वी’ म्हणजे थोडंसं माप, जरासा वेळ. पुढे त्यातलं ‘लिटल’ गळालं आणि लहानपण ‘वी’च्या पदरात पडलं. म्हणजे जन्मापासून तो मापाचा शब्द आहे, उंचीचा नव्हे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो सर्रास चालतो, इंग्लंडच्या उत्तर भागात काही ठिकाणी, आणि स्कॉटिश वस्तीमुळे न्यूझीलंडच्या दक्षिण टोकालाही. शेटलंड बेटांवर गेलात तर त्याच कामाला ‘पीरी’ ऐकाल, ऑर्कनीला ‘पीडी’. लंडनच्या माणसाच्या तोंडी मात्र ‘वी’ क्वचित येतो, आणि आला तर कधीकधी स्कॉटिश लोकांची नक्कल करायला.

मी एडिनबरात काही वर्षं राहिलेय. तिथे चहा ‘वी’ असतो, गप्पा ‘वी’ असतात, रांगेत थांबायचा वेळही ‘वी’च, मग तो अर्धा तास का असेना. उत्तर आयर्लंडमध्ये तर दुकानदार तुमची ‘वी’ पिशवी भरतो, ‘वी’ पावती देतो आणि सहीसाठी तुमचं ‘वी’ नाव लिहायला सांगतो. पिशवी मोठी असली तरी. इथे लहानपणाचा काही संबंध नाही. विनंतीची धार कमी करायला, आपण तुमचा फार वेळ घेत नाही हे सुचवायला हा शब्द मध्ये घातला जातो.

तुम्ही सांगलीकडच्या आहात, तेव्हा हे तुम्हाला परकं वाटू नये. ‘वाईच बसा की’, ‘वाईच पेन द्या’, ‘वाईच दम धरा’. हा ‘वाईच’ ऐकून कुणाला कमीपणा वाटत नाही. पुण्यामुंबईत त्याचंच काम ‘जरा’ करतं. ‘एक छोटंसं काम होतं’ असं म्हणत आलेल्या माणसाचं काम छोटं असतं का, हे तर तुम्हीआम्ही सगळेच जाणतो. ‘वाईच’ आणि ‘वी’ यांचं नातं काही नाही, कानाला जवळचे वाटतात एवढंच. पण दोघांची नोकरी एकच.

आता माणसांना ‘वी’ म्हणतात त्याबद्दल, कारण तुमचा मुद्दा तिथेच आहे. २००७ ते २०१४ या काळात स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर असलेले अॅलेक्स सॅमंड यांना लोक ‘वी एक’ म्हणायचे. ‘एक’ हे अलेक्झांडरचं घरगुती रूप. गृहस्थ अंगाने आणि वजनाने चांगले भरीव होते. १९६७ मध्ये युरोपियन कप जिंकलेल्या सेल्टिक या ग्लासगोच्या फुटबॉल संघातला जिमी जॉनस्टन खरोखरच बुटका होता, आणि ग्लासगोचे वयस्क लोक अजून त्याला ‘वी जिंकी’ म्हणतात ते पूज्यभावाने. तुमच्या वॉर्डात सेल्टिकचा एखादा म्हातारा असेल तर विचारून बघा, त्याचं बीपी सुधारेल. आपल्याकडे टिळकांचं मूळ नाव केशव, घरात लाडाने ‘बाळ’ म्हणत, आणि तेच नाव लोकमान्यांच्या मागे जन्मभर राहिलं. त्यांना कुणी बाळ समजलं नाही.

म्हणजे ‘वी’ नेहमीच प्रेमाचा, असं मात्र नाही. तुमच्या यजमानांचं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. शिवीच्या आधी ‘वी’ लागला की शिवी मऊ होण्याऐवजी जास्त बोचरी होते. ग्लासगोत ‘वी न्याफ’ म्हणजे किरकोळ, डोकं उठवणारा माणूस, आणि ते लाडाने म्हणत नाहीत. १९०० साली तिथल्या फ्री चर्चची बहुसंख्य मंडळी दुसऱ्या एका चर्चशी एक झाली. जी मूठभर, मुख्यतः हायलंड्सकडची मंडळी बाहेर राहिली, त्यांना ‘वी फ्रीज’ असं नाव पडलं, आणि ते हिणवायलाच होतं. १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने चर्चची सगळी मालमत्ता या मूठभरांचीच, असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी वाटण्या करून देण्यासाठी संसदेला कायदा करावा लागला. टोपणनाव मात्र आजही आहे.

तर एकाच शब्दाने माया होते आणि हेटाळणीही. मग ओळखायचं कसं? मी असं करते: वाक्यातून ‘वी’ काढून टाकते आणि उरलेलं वाचते.

‘अवर वी नर्स’मधून काढा. उरतं ‘आमची नर्स’. यात मला तरी काही खुपत नाही, उलट ‘आमची’ हा शब्द नीट ऐका. ‘वी जेम’मधून काढा, उरतं ‘रत्न’. छान, पण पोकळ, त्याकडे पुढे येते. आता ‘द वी इंडियन लॅसी’ घ्या. ‘वी’ गेला तरी ‘ती इंडियन पोरगी’ उरतेच. तुम्हाला जे लागलं ते इथे आहे. अनुभवी, नोंदणीकृत परिचारिकेला तिच्या देशावरून आणि पोरगी म्हणून ओळखलं गेलं. ‘लॅसी’ हा शब्दही तिथे साठीच्या बाईला लाडाने वापरतात हे खरं, पण त्याने ‘इंडियन’चा खुलासा होत नाही. शेजारच्या पलंगावरच्या नर्सला तो मुलगा ‘ती स्कॉटिश पोरगी’ म्हणाला असता का? बहुधा नाही. म्हणजे तुमचं मन चुकीचं सांगत नव्हतं, बोट फक्त चुकीच्या शब्दावर पडलं होतं.

(‘हेन’चा उल्लेख तुम्ही केला नाहीत, पण तो ऐकला असणारच. कोंबडी. ग्लासगोत बाईमाणसाला हाक मारायची ही साधी, मायेची रीत आहे. त्यावर एक दिवसही खर्च करू नका.)

त्या मुलासारख्या माणसांसाठी तक्रार नको, नाव पुरे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत २०१३ पासून ‘हॅलो, माय नेम इज’ नावाची मोहीम चालू आहे. केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टरने ती सुरू केली. त्या स्वतः कर्करोगाने आजारी होत्या, आणि उपचारांच्या काळात भेटणारे बरेच कर्मचारी नावसुद्धा सांगत नाहीत हे त्यांना जाणवलं. तुम्ही पलंगाशी जाऊन हसतमुखाने नाव सांगा, पुढे ‘आज तुमच्या वडिलांची जबाबदारी माझ्याकडे आहे’ हेही सांगा. नाव कठीण वाटत असेल तर हळू, दोनदा सांगा, पण ते तोडून ‘मिनी’ किंवा ‘पॅट’ करून देऊ नका. सहकाऱ्यांपैकी जो वारंवार ‘वी नर्स’ म्हणतो, त्याला चहाच्या सुट्टीत, चारचौघांत नव्हे, सांगा की पेशंटसमोर मला नावाने हाक मार, नाहीतर ते मला शिकाऊ समजतात. हे कारण खरं आहे आणि वॉर्डात कुणालाही पटेल असं आहे. बहुतेक जण ओशाळतील आणि बदलतील. त्यानंतरही मुद्दाम तसंच कुणी म्हणत राहिला, तर त्याचा अर्थ तुम्हाला मला विचारावा लागणार नाही.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही पण तुमच्या कामात अपमानापेक्षा महत्त्वाची आहे. तिथे ‘वी’ हा मोठ्या गोष्टी लपवायचाही शब्द आहे. वरिष्ठ म्हणाल्या ‘अ वी वर्ड’, तर ते दोन शब्द नसतात, बऱ्याचदा कानउघाडणी असते. ‘अ वी फेवर’ म्हणजे रविवारची जादा ड्यूटी. तेव्हा ‘हो’ म्हणायच्या आधी विचारा: किती तास, कोणत्या दिवशी?

पेशंटच्या तोंडी तर याकडे फारच लक्ष द्या. ‘अ वी टर्न’ झाला असं म्हातारी म्हणते, तेव्हा ती नुसती चक्कर असेल, बेशुद्धी असेल किंवा मेंदूकडचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटलेला असेल. ‘अ वी फॉल’मध्ये मांडीचं हाड मोडलेलं निघतं. आणि ‘जस्ट अ वी पेन’ म्हणत छातीवर हात ठेवून बसलेला ग्लासगोचा म्हातारा तुम्हाला नवीन नाही. तुम्ही त्याला मिरजेत पाहिलाय. तिकडे तो म्हणत होता, “वाईच छातीत भरून आल्यागत झालंय, बारीक कळ हाय.” तिथे तुम्ही ‘वाईच’वर विश्वास ठेवला नाहीत, ईसीजी काढायला पाठवलंत. इथेही तेच करा. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय ते विचारा, घाम आलाय का बघा, किती वेळ चाललंय ते विचारा. नव्याने तिकडे गेलेल्या आपल्या डॉक्टर-नर्सनी आणि वृद्धाश्रमांत काम करणाऱ्यांनी हे आधी शिकावं असं मला वाटतं. भाषेच्या परीक्षेत हे विचारत नाहीत.

आणि हो, एखादा म्हणाला ‘आय नीड अ वी’ आणि पुढे काहीच बोलला नाही, तर पुढच्या शब्दाची वाट बघत उभ्या राहू नका. त्याला लघवीला जायचंय. पुढे नाम असेल तर विशेषण, नसेल तर भांडं आणा.

आता इन्चार्जच्या कामाकडे. इथे मी यजमान आणि तुमची सहकारी, दोघांच्या मधली वाट सांगणार आहे, कारण तक्रार आणि गप्प बसणं या दोन्हींच्या आधी एक साधी पायरी राहिली आहे. तुम्ही विचारलेलंच नाही. निदान पत्रात तरी तसं दिसत नाही. आपल्याकडे ज्येष्ठता रजिस्टरात असते आणि आपली पाळी आपोआप येईल असं आपण धरून चालतो. मिरजेत कदाचित येतही असेल. स्कॉटलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी, मला हे काम हवंय असं तोंडाने सांगावं लागतं, आणि न सांगणाऱ्याला ते नकोच आहे असा समज होतो. तुमच्या मागून आलेल्या मुलीने विचारलं असण्याची शक्यता आहे. नसेलही. पण हे कळल्याशिवाय अन्याय झाला असं म्हणता येणार नाही आणि झाला नाही असंही नाही.

वॉर्डाच्या सीनियर चार्ज नर्सना छोटा ईमेल लिहा. त्यात ‘वी’ आणू नका, गाऱ्हाणंही नको. मला शिफ्ट इन्चार्ज व्हायचं आहे, त्यासाठी माझ्यात काय कमी आहे आणि ते कधीपर्यंत पूर्ण करता येईल, एवढंच विचारा. अतिदक्षता विभागातला अनुभव, व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळलेत ते, नव्या मुलींना शिकवलंत ते, सगळं मोजून लिहा. उत्तर लेखी येऊ दे. तोंडी आलं तर भेटीनंतर ‘आपलं असं बोलणं झालं’ असा दोन ओळींचा ईमेल तुम्हीच पाठवा.

आणि ते ‘वी जेम’. याच्याविषयी मी तुमच्यापेक्षा जास्त चिडले आहे. स्कॉटलंडच्या आरोग्यसेवेत वार्षिक मूल्यमापन ‘टुरास’ या संगणकप्रणालीत नोंदवलं जातं, आणि उद्या दुसऱ्या पदासाठी अर्ज केलात तर त्या नोंदींचा आधार घेता येतो. तिथे ‘रत्न’ असून काय उपयोग? पुढच्या बैठकीत हसून आभार माना आणि विचारा, कोणत्या प्रसंगामुळे असं वाटलं तेही लिहाल का? उदाहरणार्थ, एखाद्या रात्री एकाच वेळी दोन पेशंट खालावले तेव्हा मी काय केलं, ते? चांगल्या वरिष्ठ लगेच लिहितील. गोड, शांत, मदतीला तत्पर ही विशेषणं आपल्याकडच्या बायकांना परदेशात भरभरून मिळतात आणि त्यांच्यावर बढती मिळत नाही. ही तक्रार मी टोरंटोहून ऐकलीय, दुबईहून ऐकलीय, आणि पुण्यातल्या आयटी कंपन्यांतूनही ऐकलीय. तिथे ‘वी’ नसतो, ‘स्वीट’ असतो.

लेखी उत्तर आलं, त्यातलं तुम्ही सगळं पूर्ण केलंत, आणि तरीही काम दुसऱ्यालाच मिळत राहिलं, तर तक्रारीला आधार मिळाला. ‘तू फार सौम्य आहेस, पेशंटना तुझं इंग्रजी कळणार नाही’ असं काही कारण आलं, तर ते वाक्य तारखेनिशी, कोण हजर होतं त्यासह, त्याच दिवशी वहीत उतरवा. मग आरसीएन (रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग) या नर्सेसच्या किंवा युनिसन या सार्वजनिक सेवांतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या प्रतिनिधीला भेटा. सभासद नसाल तर आजच व्हा, कारण भांडण सुरू झाल्यावर सभासद होणाऱ्याला जुन्या प्रकरणात मदत मिळायला अडचण येते. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वंशाबरोबर राष्ट्रीयत्वही येतं. देशावरून वेगळी वागणूक मिळाली तर त्याला दाद आहे, फक्त दाद मागायची मुदत लहान असते, तेव्हा प्रतिनिधीला ती पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. तुमच्या वहीत ‘वी’ची नोंद असू दे, हरकत नाही. पण प्रकरण त्याच्यावर उभं करू नका.

लेकीचं काय? काही नाही. ती ग्लासगोच्या शाळेत जाते, ग्लासगोचं बोलेल. तिथल्या मुलांना झोपवायचं जे गाणं साऱ्या इंग्रजी जगात गेलं, त्या ‘वी विली विंकी’चा कर्ता विल्यम मिलर त्याच शहरातला, १८४१ चं ते गाणं, आणि त्याचं स्मारक तिथल्या नेक्रोपोलिस दफनभूमीत आहे. एखाद्या रविवारी तिला घेऊन जा. ‘अ वी बिट’ पोळी मागितली तर वाढताना तुम्ही ‘एवढुशी का?’ असं विचारा, म्हणजे दोन्ही भाषा ताटात येतील. तिला टोकू मात्र नका, नाहीतर आईला शाळेतला कुठला शब्द खुपतो एवढंच ती शिकेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तुम्हीही तसं बोलावं का. जबरदस्ती काही नाही. उसना घेतलेला उच्चार लोकांना लगेच कळतो आणि तुम्हालाही चोरट्यासारखं वाटेल. पण सुई टोचताना तिथल्या नर्सेस ‘जस्ट अ वी जॅग’ म्हणतात, आणि घाबरलेल्या माणसाला ते कुठल्याही औषधी वाक्यापेक्षा बरं वाटतं. आपण नाही का म्हणत, ‘मुंगी चावल्यासारखं होईल’? तेव्हा पलंगाशी, पेशंटशी बोलताना तो आपोआप आला तर येऊ द्या.

पाळी संपताना पुढच्या नर्सला हँडओव्हर देताना आणि नोंदी लिहिताना मात्र तो कटाक्षाने टाळा, बाकीचे टाळत नसले तरी. ‘हॅड अ वी फॉल’ असं वाचून रात्रपाळीच्या माणसाला काय कळणार? किती वाजता, कशावरून पडले, डोकं आपटलं का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कुणाला कळवलं, ते लिहा. उद्या इन्चार्ज झालात की बाकीच्यांनाही तसंच लिहायला लावा.